दादाच्या बंदुकीची जोडीदार

बंदरावरचा दीपस्तंभ विजेवर चालू लागला, त्या वर्षातली ही गोष्ट. भर दुपारी नावाड्याची धाकटी बहीण होड्यांच्या सामानाच्या दुकानात शिरली आणि वडिलांची छऱ्याची बंदूक तिने गल्ल्यासमोर आडवी ठेवली. शेजारी सिग्नलचं एक काडतूस उभं केलं.

दोर मापून घेणारे खलाशी थबकले.

"हे काय आणलंस, बाई?" दुकानदाराने विचारलं.

"तुमच्याच दुकानातलं आहे, काका. दादाने नेलेल्यातलं उरलेलं."

दादा घरी अंथरुणावर होता. भर समुद्रात इंजिन बंद पडलं, तेव्हा मदतीसाठी लाल उजेड आकाशात सोडायला त्याने असंच काडतूस वडिलांच्याच, या बंदुकीच्या जोडीच्या दुसऱ्या बंदुकीतून उडवलं होतं. नळी त्याच्या तोंडाजवळ फुटली. उजवा डोळा गेला. दुकानातली सिग्नल सोडायची पिस्तुलं संपली होती म्हणून हा सल्ला दुकानदारानेच दिला होता. "माप एकच आहे, टाक बिनधास्त, काही होत नाही," असं तो म्हणाला होता. अपघातानंतर मात्र त्याने बंदरभर सांगितलं की पोरगा प्यायलेला होता, नळीत चिखल गेला तरी त्याला कळलं नाही. दादाने दारूला कधी हात लावला नव्हता. पण आता तो बरा झाला तरी होडी त्याच्या हाती द्यायला कुणी तयार नव्हतं.

बहिणीने बंदूक उघडली, काडतूस आत सरकवलं आणि बंदूक बंद करून दुकानदारापुढे धरली.

"बाहेर या. हवेत टाका."

"मी कशाला?"

"तुम्ही तर शुद्धीत आहात ना. नळीही साफ आहे, बघून घ्या."

एक खलाशी हसला. "टाका की, काका. दिवसाढवळ्या दिवाळी."

दुकानदाराने हात पाठीमागे नेले. "माझा खांदा धरलाय."

"डावा लावा."

"बायकांनी बंदुकीच्या भानगडीत पडू नये."

"म्हणून तर तुम्हाला देतेय."

आता कुणी हसलं नाही. ती बंदूक धरून उभीच राहिली. बंदूक जड होती, पण तिने ती खाली केली नाही. दुकानदाराने नळीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो एक पाऊल मागे सरकला.

"अगं, ही पुढे आवळलेली नळी आहे. छऱ्यांना चालते. सिग्नलचा गोळा आत अडकून नळी फुटेल ना."

बोलून झाल्यावर त्याने खलाशांकडे पाहिलं. त्यांतल्या सर्वांत वयस्काने मापलेला दोर हातातून सोडला आणि तो काही न घेता बाहेर पडला. मागोमाग बाकीचेही गेले.

घरी आल्यावर तिने सगळं दादाला सांगितलं. तो अंथरुणावर उठून बसला.

"आणि त्याने खरंच चाप ओढला असता तर?"

"मी दाराआड उभी राहणार होते," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

दुकानदाराने पुढे दुकान विकलं आणि तो लेकीकडे राहायला गेला. समुद्र दिसत नाही अशा गावात. हसणारा खलाशी दादाच्या होडीवर कामाला लागला. दादाने एका डोळ्यावर कितीतरी वर्षं होडी चालवली आणि म्हातारा होऊन आपल्या खाटेवरच वारला. बहीण आहे अजून. त्या दुपारनंतर दादाने तिच्याशी वाद असा कधी घातला नाही.