हजेरीचं पान

"सोफिया, लिस्बन," गोदाकाकींनी वाचलं.

"पुढे," पद्मनाभराव म्हणाले.

"मात्... मात्से... अय्यो, ह्या पोराला जेवायला हाक मारीपर्यंत भात निवून जाईल."

"मात्सेय. पोलंडचा. बरा मुलगा आहे. पुढे."

"पद्मनाभ राव, कुंभकोणम."

राव खुर्चीत ताठ झाले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि शाळकरी पोराच्या चढ्या सुरात म्हणाले, "उळ्ळेन अय्या."

हजर आहे, सर. तमिळ शाळेतली मुलं हजेरीला हेच उत्तर देतात. रावांनी नोकरीभर ते समोरच्या बाकांवरून ऐकलं होतं. आता रोज सकाळी ते स्वतःच म्हणत होते.

हरिणी दारातच थांबली. तिरुभुवनमच्या एका रेशीम सोसायटीत ती कॉम्प्युटरचं काम बघायची. कामावर जाताना वाटेत उतरून ती बहुतेक सकाळी इथे यायची. शाळेत गणित तिला रावांनीच शिकवलं होतं. आज ती नेहमीसारखी फिल्टरची कापी प्यायला आली नव्हती.

"ये गं," काकी म्हणाल्या. "आज सरांचं बरें आहे. इडली खाल्ली, भांडण नाही."

"हे कोण?" रावांनी विचारलं.

"हरिणी, सर."

"कोणत्या वर्गात आहेस?"

"पास होऊन गेले, सर."

"मग इथे काय करतेस?" राव म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर हसले. हरिणीही हसली. रोजचाच होता तो विनोद.

काकी नवऱ्याला टॅबवरून जे वाचून दाखवत होत्या ते एका सॉफ्टवेअरच्या माहितीचं पान होतं. ते सॉफ्टवेअर मोजलेले आकडे साठवून ठेवतं. विहिरीतलं पाणी किती वर आलं, कोठारात किती उष्मा झाला, असले आकडे. ते फुकट आहे. कोणीही ते उघडून बघावं, बिघडलं तर नीट करावं. पण त्याच्याशी बोलायचं तर मध्ये दुभाषा लागतो. प्रोग्राम लिहायच्या भाषा अनेक, म्हणून दुभाषेही अनेक. त्यांना क्लायंट लायब्ररी म्हणतात. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून, पैसे न घेता, ते लिहितात आणि सांभाळतात. रावांनी निवृत्त झाल्यावर असाच एक दुभाषा लिहिला होता. पुष्कळ लोक तो वापरत.

त्यांचा जीव मात्र लिहिण्यापेक्षा दुभाष्यांची आणि ते सांभाळणाऱ्यांची नावं असलेल्या त्या पानात जास्त होता. पूर्वी तिथे नुसती गर्दी होती. ज्याला वाटेल त्याने आपलं नाव टाकावं आणि विसरून जावं. निम्म्या दुव्यांवर बोट ठेवलं तर काही उघडत नसे. नवखा माणूस चार ठिकाणी ठेचकाळून परत जाई. रावांनी चिकाटीने ते पान लावलं. त्यांनी दोन भाग पाडले. एकाला नाव दिलं 'सांभाळ आहे', दुसऱ्याला 'सांभाळ नाही'. आणि हजेरी सुरू केली. पोंगलनंतर एकदा, नवरात्राआधी एकदा, प्रत्येकाला पत्र जायचं: आहात का? उत्तर आलं तर पहिल्या भागात, नाही आलं तर दुसऱ्या.

तसं लगेच दुसऱ्या भागात टाकत नसत ते. शाळेत एखादं पोर चार दिवस आलं नाही तर संध्याकाळी राव त्याच्या घरी जात. पायरीशी चपला काढून विचारत, घरी कोणी आहे का? इथेही तेच. ज्याचं उत्तर नाही त्याच्या ओळखीच्यांना लिहायचं, तो काम करत असेल तिथे लिहायचं. एकदा चिलीतल्या एका माणसाच्या बहिणीचं उत्तर आलं. भाऊ वारला होता, आणि कोणी चौकशी केली म्हणून ती आभार मानत होती. त्या दिवशी राव जेवले नाहीत.

ही सगळी पद्धत त्यांनी हरिणीला शिकवली होती आणि पुढे पान तिच्यावर सोपवलं होतं. "आवाजावर हजेरी लावूं नये," ते सांगत. "मागच्या बाकावरून दुसरंच पोर ओरडतं. मान वर करून बघायचं. बाकावर पोर आहे का?"

नुकत्याच झालेल्या नवरात्राआधी हरिणीने हजेरीची पत्रं पाठवली तेव्हा राव तिला ओळखेनासे होऊ लागले होते. कोड बघणं कधीच सुटलं होतं. तरी त्यांच्या पत्त्यावरून उत्तर आलं: हजर. ते काकींनी पाठवलं होतं, हे हरिणीला ते उघडतानाच कळलं होतं. तिने मान वर केली नाही. नाव होतं तिथेच राहिलं.

आता तिने पर्समधून फोन काढला.

"काकी, आत येता?"

स्वयंपाकघरात काकींनी फिल्टरला झाकण लावलं आणि पदराला हात पुसले. "काय झालं? चेहरा कां असा?"

"एक पत्र आलंय. सरांच्या लायब्ररीबद्दल."

"वाच."

पत्र दूरच्या एका डोंगराळ देशातल्या दवाखान्यातल्या माणसाचं होतं. हरिणीने ते मराठीत सांगत सांगत वाचलं. त्यांच्याकडे लसींचा फ्रिज आहे. आतली उष्णता दाखवणारा आकडा रावांच्या दुभाष्यामार्फत पडद्यावर यायचा. मध्ये जोडणी तुटली. दुभाष्याने तुटल्याचं सांगितलंच नाही. शेवटचा चांगला आकडा तोच तो दाखवत राहिला. फ्रिज बंद पडला होता. पडद्यावर सगळं ठीक होतं. त्या लसी मुलांना टोचल्या गेल्या.

"अय्यो. काही झालं त्यांना?"

"टोचल्याने काही झालं नाही. पण लस मेलेली होती, काकी. मग गोवर आला. एक मूल गेलं." हरिणी पुढचं सावकाश वाचू लागली. "ते मूल फ्रिजमुळेच गेलं असं मी म्हणत नाही. ही चूक मी तुमच्याकडे वसंतात कळवली होती. उत्तर आलं नाही. तुमच्या पानावर मात्र लिहिलंय की सांभाळ आहे. कोण सांभाळतं, एवढंच मला विचारायचं आहे."

बाहेरून रावांचा आवाज आला. "गोदा, बेगी ये. अर्धी हजेरी टाकून कोठे गेलीस?"

"आले," काकी म्हणाल्या. जागच्या हलल्या नाहीत. "वसंतात कळवलं होतं म्हणे. ते मी पाहिलं होतं. इंग्रजीत लांबलचक होतं. मजला काय कळतंय? वाटलं, असेल काहीतरी, बरं वाटलं की हेच बघतील."

हरिणीने फोन ओट्यावर ठेवला.

"आता काय करायचं?" काकींनी विचारलं.

"नाव खालच्या भागात न्यायला पाहिजे. वर इशारा लिहायचा, हे वापरू नका. मग दुसरं कोणी हातात घेईल, नीट करील. नाव वर असेपर्यंत कोणी हात लावत नाही. सर आहेत म्हणून."

"इशारा लिही. मोठ्या अक्षरांत लिही. पण नाव राहूं दे."

"काकी, लोक नाव बघतात."

"मीही नावच बघते गं," काकी म्हणाल्या. "सकाळी उठतात तेव्हा मी कोण ते माहीत नसतं. हें घर कोणाचं विचारतात. पान वाचायला घेतलं की शांत होतात. आपलं नाव आलं की चेहरा बघितलास ना? दिवसभरात तेवढाच वेळ ते ह्या घरात असतात. तेवढंही तूच काढून घेणार?"

हरिणीने ओट्यावर हात टेकला. फिल्टरमधून कापीचा थेंब पडत होता.

"तुम्ही जुनं पान वाचा ना त्यांना. मी कागदावर काढून देते. त्यांना काय कळणार?"

काकींनी तिच्याकडे पाहिलं.

"खोटी हजेरी एकदा लावली मी," त्या म्हणाल्या. "रोज लावूं म्हणतेस?"

मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बसल्या. "सरी, बरं. कर तुजला करायचं ते. इथे बस, माझ्यासमोर कर. ऑफिसात जाऊन करूं नको."

हरिणीने पिशवीतून लॅपटॉप काढून ओट्यावर ठेवला. ओळ खालच्या भागात नेली. वर इशारा लिहिला. दवाखान्याच्या माणसाला उत्तर लिहिलं: सांभाळणारे आजारी आहेत, दीर्घकाळ आजारी आहेत, पान खोटं सांगत होतं, आणि ते मला माहीत होतं. शेवटचं वाक्य तिने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. पाठवलं.

काकी उठल्या. चेहऱ्यावर पाणी मारलं, बाहेर जाऊन टॅब हातात घेतला. हरिणी त्यांच्या मागे उभी राहिली.

"कोठवर आलों होतों?" रावांनी विचारलं.

"पहिल्यापासून वाचते."

सोफिया झाली. मात्सेय झाला, ह्या वेळी काकींनी नाव नीट म्हटलं. त्यानंतर एक क्षण त्या थांबल्या आणि त्याच्या पुढचं नाव वाचलं. मग त्याच्या पुढचं. राव प्रत्येकाला 'पुढे' म्हणत राहिले. हात गुडघ्यांवर होते. शेवटचं नाव झालं.

"पुढे," राव म्हणाले.

"झालं."

"कसं झालं? एक पोर राहिलं."

रावांनी समोरच्या भिंतीकडे डावीकडून उजवीकडे पाहिलं, जशी बाकं मोजावीत तशी.

"आलेलं नाही," ते म्हणाले. "किती दिवस झाले? कोणी विचारलंत का त्याच्या घरी? नाही ना? तुम्ही सगळे खुशाल वाचत बसा." ते खुर्चीचे हात धरून उठले. "मी जाऊन येतों."

काकी पुढे झाल्या. हरिणीने मान हलवली. "मी जाते बरोबर, काकी. एक फेरी मारून आणते."

रावांनी चपला घातल्या. गल्लीच्या तोंडाशी विड्याच्या पानांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाईने त्यांना "वणक्कम, वाद्यार" म्हटलं. त्यांनी मास्तरांना शोभेल असा हात वर केला. भांडीवाल्याच्या दुकानात पितळेवर ठोके चालले होते. महामहम तळ्याच्या कडेने ते बरंच चालले. राव वाटभर बोलत होते. मुलगा हुशार आहे, पण हल्ली विसरतो. पाढे येत होते ते विसरतो. बाप रागे भरत असेल. असं पोर रागावून सुधारत नाही, त्याच्या शेजारी बसावं लागतं.

"होय, सर," हरिणी म्हणाली. तिची बस केव्हाच गेली होती.

दुसऱ्या टोकाने ते परत त्याच गल्लीत शिरले. आपल्या घरासमोर राव थांबले. दाराची चौकट, पायऱ्या, उंबऱ्यापुढचं रांगोळीचं कोलम त्यांनी नीट पाहून घेतलं.

"हेंच ना घर?"

हरिणीने मान डोलावली.

रावांनी चपला खालच्या पायरीशी काढून जोडीने ठेवल्या. परक्याच्या दारात जपतात तसं कोलमला पाय न लावता कडेने वर चढले. दार उघडंच होतं. ते आत गेले नाहीत.

"घरी कोणी आहे का?"

काकी आतून आल्या. त्यांनी हरिणीकडे पाहिलं, मग रावांकडे. पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"या, वाद्यार."

"येत नाही. उभ्यानेच जातों. शाळेतून आलों आहे. मुलगा आला नाही म्हणून. बरा आहे ना?"

काकींनी चौकटीला धरलं.

"बरा नाही," त्या म्हणाल्या. "निजला आहे."

राव थोडा वेळ आतल्या अंधाराकडे बघत राहिले.

"निजूं दे. उठवूं नका," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि काळजी करूं नका, अम्मा. मी येऊन बघत जाईन."

मग ते वळले, पायऱ्या उतरले, आणि चपला घालून शाळेच्या दिशेने चालू लागले.