ओबेडची हॅट

मे महिन्यात वसाहतीतल्या लोकांनी दुसराच गव्हर्नर निवडला आणि जेबेझ थॉर्नली आयुष्यात पहिल्यांदा रिकामा बसला. सकाळी दारात कोणी अर्ज घेऊन उभं नाही, प्रार्थनेच्या वेळी पुढच्या बाकावर भलताच माणूस. काही दिवस त्याने कळ काढली. मग घोड्यावर खोगीर चढवलं आणि एकटाच ओढ्याकडे निघाला.

हा ओढा म्हणजे वसाहतीची हद्द. शेजारच्या वसाहतीशी वर्षानुवर्षं भांडून ती त्यानेच ठरवून घेतली होती. त्याने किल्ला बांधला, बंदराचा धक्का वाढवला, दुष्काळात मका वाटला. पण लोक नाव काढायचे ते या हद्दीसाठी. पलीकडे क्वेकर पंथाच्या लोकांची वस्ती होती. तिथे त्याची धाकटी बहीण मेहिटेबल राहायची, आणि गव्हर्नरसाहेब तिकडे एकदाही फिरकले नव्हते.

कारण जुनं होतं. तेव्हा तो साधा न्यायाधीश होता. मेहिटेबलचा नवरा ओबेड क्वेकर झाला, आणि क्वेकर म्हणजे देवाखेरीज कोणापुढे हॅट न काढणारी माणसं. भर कोर्टात, जेबेझसमोर हॅट काढेना म्हणून शिपायाने ओबेडची हॅट पाडली. ओबेडने ती उचलली, धूळ झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

"रागावू नकोस, जेबेझ. माणूस चांगला आहेस तू, पण देव नाहीस."

लोक हसले. ते हसणं जेबेझला झोंबलं. मेव्हणा म्हणून सोडला, तर उद्या कुत्रं विचारणार नाही आपल्याला, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने ऐन जानेवारीत ओबेडला हद्दपार केलं. मेहिटेबलही नवऱ्यामागोमाग गेली. ओढ्यावरचा बर्फ पायाखाली फुटला, दोघं गारठ्यात चिंब भिजली, आणि त्यातून आलेल्या तापात ओबेड गेला. इकडे "हा घरच्यालासुद्धा सोडत नाही!" म्हणत लोकांनी त्याच वसंतात जेबेझला गव्हर्नर केलं. त्याची सगळी कारकीर्द त्या एका हॅटवर उभी होती, आणि हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मेहिटेबल अंगणात साबणाची कढई ढवळत होती. तो घोड्यावरून उतरला आणि त्याने हॅट काढली.

"घाल ती डोक्यात, ऊन लागेल," ती मान वर न करता म्हणाली. "आमच्यात त्याचं कोणाला अप्रूप नाही."

"हेटी..."

"हरलास म्हणे."

"हो."

"म्हणून बहीण आठवली."

नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. तिने त्याला ओट्यावर बसवलं, ताक दिलं, मक्याची भाकरी दिली. भाकरीचा करपलेला काठ तेवढा मोडून त्याच्या पुढ्यात ठेवला. लहानपणी त्यासाठी तो तिच्याशी भांडायचा.

"दात आहेत ना रे अजून? का तेही मतदारांनी काढून घेतले?"

त्याला हसू आलं, आणि मग त्याने भाकरी खाली ठेवली.

"हेटी, मला ओबेडच्या कबरीपाशी ने. त्याने माझ्यापुढे हॅट काढली नाही, मला त्याच्यापुढे काढू दे. चुकलो मी. तेवढं त्याला सांगितलं की मी मरायला मोकळा."

तिने कढईत एकदा शेवटचं ढवळलं. मग पळी बाजूला ठेवून त्याला घरामागच्या कुरणात घेऊन गेली. गुडघाभर गवत वाऱ्यावर हलत होतं. कुठे दगड नाही, उंचवटा नाही.

"यातली कुठली?"

"आम्ही दगड लावत नाही. मेल्यावर कसला लहान नि कसला मोठा?"

"पण तुला जागा ठाऊक असेल ना?"

"मी कुठे होते इथे?" ती म्हणाली. "मीही तापाने पडले होते आत. जमीन गोठलेली. शेजाऱ्यांनी वर जाळ पेटवून ती मऊ केली आणि खणली, असं ऐकलं. मी उठून बसले तोवर सगळीकडे एकसारखं गवत. त्या शेजाऱ्यांनी जागा दाखवली, तर प्रत्येकाने वेगळी. आता तेही गेले."

जेबेझने गवतात पाऊल टाकलं.

"मी नेहमी कडेकडेने चालते," मेहिटेबल म्हणाली. "चुकून त्याच्यावर पाय पडायला नको." मग तिला कढईची आठवण झाली आणि ती कुंपणाच्या कडेने घराकडे परतली.

जेबेझ हॅट हातात धरून कुरणात उभा राहिला. वसाहतीची हद्द वीतभरही न चुकता सांगणाऱ्या त्या माणसाला पुढचं पाऊल कुठे टाकावं ते कळेना.