स्वच्छ जखम

लाल? नाही.

ताईने भावाचं बोट खिडकीच्या उजेडात धरलं. सोफ्याचं कव्हर शिवताना वाकडी सुई त्याच्या तर्जनीत पार हाडापर्यंत घुसली होती. आता भोक तेवढं दिसत होतं. भोवतीची कातडी फिकट.

“वॉर्डात आया म्हणून जन्म गेला माझा. इतकी स्वच्छ जखम क्वचित बघितली.”

“मग बक्षीस दे की तिला.”

“गप रे. दुखतंय का?”

“दुखलं असतं तर गल्ली डोक्यावर घेतली नसती?”

गरम? नाही. सूज? नावाला. पू? टिपूसही नाही.

रोज सकाळी ती पट्टी सोडायची आणि खूश व्हायची. डॉक्टरकडे जाऊन येऊ का, असं त्याने एकदा विचारलं.

“हे दाखवायला? हसतील आपल्याला.”

तो पुन्हा शिवायला बसला.

मग त्याला थंडी वाजू लागली. ताप मात्र नव्हता. एका दुपारी तो स्वतःच्याच दुकानासमोर उभा राहून दुकान कुठे आहे म्हणून विचारू लागला, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला उचलून इस्पितळात नेलं.

“यांना जुनी कावीळ आहे, माहीत होतं?” डॉक्टरीणबाईंनी ताईला विचारलं.

“रक्तात काविळीचा विषाणू आहे म्हणाले होते. पण त्याला वर्षं झाली. त्रास कसलाच नव्हता.”

“तो यकृतात बसूनच आहे. पांढऱ्या पेशी मोजल्या तर पुरेशा भरतात. पण त्याच्याशी झुंजून झुंजून दमल्यात. नवा जंतू शिरला तरी धावून जात नाहीत. जखम लाल होते, तापते, पू धरते, ते त्या लढतात म्हणून. इथे कुणी लढलंच नाही. आत मनगटापर्यंत सडलंय.”

“म्हणजे मला जे बरं होतंय असं वाटत होतं, ते…”

डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावायला सांगितलं.

सलाइन चढल्यावर तो भानावर आला. पंजा काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल, हे त्याला सांगितलं. उजवा पंजा. त्याने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलंच नाही.

“ताई, तू बघ. तू म्हणशील तसं.”

“मी नको रे.”

“तुझ्याइतकं कुणाला कळतं?”

तिने बोट हातात घेतलं. गार, फिकट, कोरडं. तिचे डोळे अजूनही म्हणत होते, काही झालेलं नाही.

“काढू दे,” ती म्हणाली.

“बरं.”

तिने त्याच्या बाहीचं बटण सोडलं. बाही एकेक घडी घालत कोपराच्या वर नेली. एक घडी तिरकी पडली, ती उलगडून पुन्हा घातली. सुटू नये म्हणून घट्ट दाबली आणि दाबूनच धरली.