माघारी यायची वाट

वळसेमामा हे काही त्यांचं खरं नाव नाही. पण मढ्याची गाडी चालवणारा म्हटलं की वळसेमामा, एवढं सगळ्यांना ठाऊक. खरं नाव विचारायला कोण बसलंय? त्या गाडीत बसल्यावर बोलायची सोय राहत नाही, आणि बाहेर असेपर्यंत त्या माणसाशी ओळख वाढवायची कुणाला हौस नसते.

नाव पडलं ते त्यांच्या एका खोडीवरून. स्मशानात जायला दोन रस्ते. एक मोठा, सरळ, बेकरीवरून, शाळेवरून, पुलापर्यंत नाकासमोर जाणारा. दुसरा बंद गिरणीच्या मागून. खड्डे, रेल्वेचं फाटक, आणि वळणं इतकी की पोटातलं पाणी हलावं. मामा माणूस न्यायचे ते गिरणीमागून, आणि रिकामी गाडी आणायचे सरळ रस्त्यानं. लोक कुरकुरायचे, मामा ऐकून घ्यायचे आणि वळसा घालायचे.

कारण मामांच्या उस्तादानं त्यांना गाडीच्या किल्लीबरोबर एक गोष्ट दिली होती. म्हणाला होता, मेलेला माणूस पहिल्या दिवशी गांगरलेला असतो. त्याला कळत नाही की आपलं संपलंय. तो गाडीमागून घरी यायला बघतो, आणि आला की गाडी जिथं थांबेल तिथं थांबतो. म्हणून नेताना असं ने की त्याला वाट ध्यानात राहू नये, आणि येताना भलत्याच वाटेनं ये. श्रीमंत असो, गरीब असो, देव मानणारा असो, न मानणारा असो. सगळ्यांना एकच कायदा.

आणि गाडी रोज थांबायची ती मामांच्या अंगणात.

एकदाच तो कायदा मोडला. गिरणीमागचा रस्ता पाइप टाकायला खणला होता, म्हणून मामा गेले सरळ आणि आले सरळ. त्याच आठवड्यात माहेरी आलेल्या त्यांच्या लेकीचं पोटातलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं, जावयानं समजावलं, बायकोनं हात जोडले. मामांनी मान हलवली. पण मनात जे बसलं ते बसलं.

आता लेक पुन्हा भरल्या दिवसांची माहेरी आलेली. त्या दिवशी सकाळपासून तिची कंबर धरली होती. मामा चहाचा कप तसाच ठेवून गाडीत बसले, ते मनाशी एकच घोकत, की आज वळसा चुकायचा नाही. आभाळ कोसळलं तरी चुकायचा नाही.

आणि नेमकी त्या दिवशी गाठ पडली मिस्त्रीणबाईंशी.

शिलाई मशीन दुरुस्त करणारे म्हातारे मिस्त्री गेले होते. माणूस स्वभावानं इतका गरीब की मशीनच्या पोटात झुरळ निघालं तर आधी त्याला बाहेर सोडून यायचा. मिस्त्रींना मागं ठेवलं. त्यांचा मुलगा, कुठल्याशा ऑफिसात साहेब झालेला, बापाशेजारी मागच्या बाकावर बसला. बाकीची मंडळी आपापल्या गाड्यांनी पुढं गेली. मामा स्टिअरिंगवर बसतात तोच शेजारचं दार उघडलं आणि मिस्त्रीणबाई चढल्या.

"वहिनी, मागं बसा की. जागा आहे."

"इथंच बसते. मला वाट बघायचीय."

मामांना ते वाक्यच आवडलं नाही. पण नवरा गेलेल्या बाईला काय बोलणार?

गाडी निघाली. बाई रडत नव्हत्या. ओठ हलत होते फक्त. "हे डॉक्टरांचं घर. हा नळ. हे पिवळं दुकान, इथं डाव्या हाताला रद्दीवाला..." मामांनी कान दिला तेव्हा त्यांना उमगलं. बाई वाट पाठ करत नव्हत्या. मागं निजलेल्या माणसाला वाट सांगत होत्या.

बेकरीचा फाटा आला. मामांनी डावा इंडिकेटर दिला.

"सरळ घ्या, मामा."

"आपली गाडी इकडून जाते, वहिनी."

"आज सरळ जाईल."

मामांनी स्टिअरिंग वळवलं. बाईंनी ते धरलं. मनगट हाडकुळं, पण मशीनचं चाक फिरवून घट्ट झालेलं. गाडी फाट्याच्या मधोमध तिरकी उभी राहिली. मागं हॉर्न सुरू झाले.

"वहिनी, हात काढा! अपघात होईल!"

"होऊ दे. एक माणूस तर आधीच मेलाय गाडीत."

मधली सरकती काच खाडकन उघडली. मुलाचं तोंड आत आलं. "आई, काय चाललंय?"

"हे तुझ्या बाबांना गिरणीमागून नेतायत. सगळ्यांना माहीतय कशाला नेतात. हरवायला!" बाईंचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "अरे, दवाखान्यात लघवीला गेले तर परत खाट सापडायची नाही त्या माणसाला. मी दारात उभी राहायची. मोठ्या रस्त्यानं आम्ही रोज संध्याकाळी फिरायला जायचो, तेवढी एक वाट त्यांना येते. आमचं ठरलंय. जो आधी जाईल त्यानं घरी यायचं, मशीनपाशी बसायचं, आणि दुसऱ्याचं आवरेपर्यंत थांबायचं. मग दोघांनी मिळून पुढं."

"पुढं कुठं, आई? काही नसतं पुढं. मेलं की संपलं. मामा, कुठूनही न्या, पण न्या. लोक खोळंबलेत."

"तुझं संपलं ते तू तुझ्यापुरतं ठेव," बाई मागं न बघता म्हणाल्या. "माझा नवरा त्यात घालू नकोस."

"बाबा काय फक्त तुझेच होते का?"

हॉर्नवर हॉर्न. एक टेंपोवाला खाली उतरून शिव्या द्यायला आला, गाडी कसली आहे ते बघितलं आणि टोपी काढून परत गेला.

"वहिनी, तुमचं ठरलं असेल. पण कायदा सगळ्यांना सारखाच. पाऊस पडतो तेव्हा विचारून भिजवतो का, तू मला मानतोस की नाही म्हणून?"

"पाऊस मला दिसतो, मामा. तुमचा कायदा कुणी बघितलाय?"

"मी बघितलाय!"

मामांना बोलायचं नव्हतं. पण धरून ठेवलेलं एकदम सुटलं. खणलेला रस्ता, सरळ जाणं, सरळ येणं, लेकीचं बाळ. आणि आज सकाळपासून तिची धरलेली कंबर. सांगताना ते समोरच्या काचेकडे बघत होते.

मग बाईंनी स्टिअरिंगवरचा हात काढला, आणि मामांना वाटलं, सुटलो.

"म्हणजे," बाई अगदी हळू म्हणाल्या, "माझा नवरा तुमच्या घरी येऊन तुमच्या लेकीचं बाळ खाईल, असं म्हणताय तुम्ही."

"तसं नाही हो वहिनी..."

"तसंच. तुमच्या त्या कायद्यात माझा नवरा भूत झालाय. सकाळी गेला तो माणूस, मुंग्यांना साखर घालणारा, आणि तुमच्या गाडीत चढेपर्यंत भूत! काय बिघडवलं होतं हो त्यांनी तुमचं? तुमच्या बायकोची मशीन कुणी नीट केली? लेकीच्या बाळाची झबली शिवायची म्हणून घाईनं आणली होती ना? ताप अंगात असताना बसले होते ते त्या मशीनवर."

मामांना ते ठाऊक नव्हतं. मशीन नीट झाली एवढंच ठाऊक होतं. बायकोनं झबली शिवून ट्रंकेत ठेवली होती, दोन वर्षं तशीच होती, आणि आता पुन्हा बाहेर काढून धुतली होती.

बाईंनी आपल्या बाजूचं दार उघडलं. "उतरवा त्यांना. मी हातगाडीवर नेते. सरळ रस्त्यानं नेते. बघू कोण अडवतंय."

"आई!"

"तू गप्प बैस. तुझ्या लेखी तर ते नाहीतच, तुला कशाला लाज?"

मामांनी विचार केला. विचार कसला, हॉर्नच्या गोंगाटात जेवढा होतो तेवढा. जाताना सरळ गेलो तरी येताना गिरणीमागून येता येईल. वाट निराळी झाली म्हणजे झालं. अर्धा का होईना, कायदा राहील.

"दार लावा, वहिनी," ते म्हणाले, आणि गाडी सरळ घेतली.

बाई पुन्हा पुटपुटायला लागल्या. "ही शाळा. हे चिंचेचं झाड. हा पूल, अहो, पुलावर उजवीकडं बघायचं नाही, तुम्हाला गरगरतं."

स्मशानातलं सगळं व्हायचं तसं झालं. मामा गाडीपाशीच थांबले, बोनेटला टेकून. गिरणीमागून घरी जायला किती उशीर लागेल याचा हिशेब करत होते, तेवढ्यात फोन वाजला.

जावई. शब्द धड फुटत नव्हते. "अप्पा, पाणी गेलंय. ती ओरडतेय. अँब्युलन्स दुसरीकडं गेलीय, रिक्षावाला नेईना. माझी स्कूटर आहे नुसती. तुम्ही गाडी घेऊन या. आत्ता या!"

गाडी म्हणजे ही गाडी. हिच्यातून पोरीला न्यायचं. आणि लवकर पोचायचं तर वाट एकच, सरळ. ज्या वाटेनं आज एका माणसाला घर, नळ, झाड, पूल सांगत सांगत आणलं होतं, तीच.

ते वळले तर मिस्त्रीणबाई मागं उभ्या. मुलगा त्यांचा दंड धरून. फोनवरचं ओरडणं बाहेर ऐकू जात होतं, लपवायला काही उरलं नव्हतं.

"चला," बाई म्हणाल्या आणि पुढच्या दारानं चढल्या.

"वहिनी, तुम्ही दुसऱ्या गाडीनं या. मी तुमच्या पाया पडतो."

"मी दुसऱ्या गाडीनं गेले तर हे कुणाच्या मागून येतील? तुमच्याच ना? चला म्हणते ना, वेळ घालवू नका. तू पण बस रे."

मुलगा मागच्या रिकाम्या बाकावर बसला.

पूल ओलांडला आणि पुलाच्या टोकाशी गिरणीकडं जाणारा रस्ता आला. मामांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी जवळजवळ थांबली. इकडं वळलं तर फाटक. फाटक लागलेलं असलं तर पोरगी तिथं खाटेवर तळमळणार. नाही वळलं तर... त्यांनी आरशात बघितलं. आरशात मागची फळी, तिच्यावर सांडलेली फुलं, आणि कोपऱ्यात बापाची चादर घडी करून मांडीवर घेतलेला मुलगा. इंजिन धडधडत होतं.

"मामा, माझ्याकडं बघा," बाई म्हणाल्या. "तुमचा कायदा खरा धरला, तर ते आहेत गाडीत. बरोबर?"

मामांनी मान हलवली.

"आणि माझा खरा धरला तरी आहेत. मग आपलं भांडण कसलं? तुम्ही म्हणता, गाडी थांबेल तिथं ते थांबतील. तर माझ्या दारात थांबवा. माझ्या अख्ख्या संसारात हा माणूस मला घरी सोडून पुढं गेला नाही. आज जाईल?"

मामांनी पाय ब्रेकवरून काढला.

सरळ रस्ता सुसाट गेला. झाड गेलं, शाळा गेली, बेकरी गेली. मिस्त्रींच्या दारात गाडी करकचून थांबली. बाई पुढून उतरल्या आणि मागं गेल्या. मागच्या दाराची कडी अडकायची. वर उचलून गुद्दा घातल्याशिवाय सुटायची नाही. बाईंना ती निघेना. मामा इंजिन चालूच ठेवून धावले, कडी उचलली, गुद्दा घातला, दार सताड उघडलं.

मुलगा खाली उतरला. बाई दाराला धरून आत बघत राहिल्या.

"अहो, उतरा. घर आलं."

फोन पुन्हा वाजत होता. मामांनी एक हात खिशावर दाबून धरला आणि दुसऱ्यानं दार. आत फुलं होती आणि फळी होती. मामा हललेही नाहीत.

"सावकाश," बाई म्हणाल्या. मग मामांकडं वळून, जरा ओशाळल्यासारखं, "उजवा गुडघा दुखतो ना त्यांचा. पायरी उंच आहे तुमची."

"घेऊ द्या वेळ," मामा म्हणाले. आपल्या तोंडातून हे कसं गेलं ते त्यांनाच कळलं नाही.

मुलगा दाराच्या तोंडाशीच उभा होता, आईकडं बघत, काहीतरी बोलायच्या बेतात. मग चादर छातीशी धरून दोन पावलं बाजूला सरकला. वाट दिली. कुणाला दिली, ते त्याचं त्याला ठाऊक.

बाईंनी घराकडं बघितलं, मग गाडीत बघितलं, आणि दार आपल्या हातानं लोटलं. पत्र्यावर थाप मारली, गाईच्या पाठीवर मारतात तशी.

"जा मामा. गाडी रिकामी आहे."

मामा अंगणात पोचले तेव्हा लेक उंबऱ्याशीच बसली होती, बायकोच्या खांद्यावर डोकं टाकून, घामानं भिजलेली. जावयानं तिला उचललं. मागचं दार दिसलं तशी तिनं चौकटीला घट्ट धरलं. बापाचा कायदा ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि मागच्या वेळी कुणी काय बोलत नव्हतं तेही तिला कळलं होतं.

"अप्पा... वळसा घालून आलात ना?"

मामांनी कडी उचलली, गुद्दा घातला, दार उघडलं. फुलं हातानं बाजूला सारली, आपला शर्ट काढून फळीवर अंथरला.

"नाही घातला," ते म्हणाले. "दारात उतरवून आलो त्यांना. बस, पोरी."