वरची माती

लग्न होऊन भोकरजवळच्या डोंगरावरच्या घरात आल्यापासून कस्तुराबाई रात्री कधी माळवदाखाली, त्या जड मातीच्या छताखाली, झोपली नव्हती. लातूरकडचं तिचं माहेर भूकंपात माळवदासकट खाली बसलं होतं. धाकटा भाऊ आतच राहिला. दगडामातीच्या या घरात ती रांधायची, पाहुण्यांना वाढायची, पण झोपायला अंगणातलं पत्र्याचं शेड. नवऱ्याने, सिद्रामप्पांनी, वाद घातला नाही. तिच्या शेजारी आपली बाज टाकली.

यंदा मात्र तिचे गुडघे थंडीने धरले. सिद्रामप्पांनी लेकीला, रुद्राणीला, बोलावलं. ती घरं बांधण्याचं शिकलेली.

"भिंती राहू द्या अप्पा. आरपार लांब दगड घालून बांधून घेऊ. माळवद तेवढं उतरवू. वर बांबू अन् कौलं."

माळवद उतरू लागलं. अंगणात मातीचा ढीग माणसापेक्षा उंच झाला, तरी टोपल्या येतच होत्या. कस्तुराबाई ढिगापाशी बसून राहिली.

"दर उन्हाळ्यात नवा थर टाकायचो," ती म्हणाली. "गळू नये म्हणून. जुना कुणी काढतच न्हाई."

"माय, ही भिंतीच्या गिलाव्याला घेऊ का?" रुद्राणीने दबकत विचारलं.

तिने ढेकूळ हातात चुरडलं. "भिंतीला घे. वर एक टोपलं जाऊ देणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच भुसा आणि शेण घालून चिखल तुडवायला उतरली. "गुडघे दुखून राहिले होते ना?" अप्पांनी टोमणा मारला. "तुमच्या लेकीला चिखल जमंना, काय करता," ती म्हणाली.

कौलं चढली. त्या संध्याकाळी सिद्रामप्पांनी नेहमीसारख्या दोन्ही बाजा अंगणात टाकल्या. विचारायची त्यांची छाती होईना.

"माझी आत घ्या," कस्तुराबाई म्हणाली. "दार उघडं ठेवा."

ती आडवी झाली, डोळे वर कौलांकडे. सिद्रामप्पा उंबऱ्यावर बसले.

"तिथं काय राखण करून राहिले? या की आत."

ते लगबगीने बाज उचलून आत निघाले आणि बाजेचा खूर चौकटीवर धाडकन आदळला. कस्तुराबाई ताडकन उठून बसली. दोघंही वर बघत राहिले. मातीचा कणही पडला नाही.

"हळू की जरा," ती म्हणाली, आणि कूस बदलून पुन्हा आडवी झाली.