सकाळचं ऊन आणि पर्गोला

मागच्या फरसबंद अंगणात पर्गोला, म्हणजे खांबांवर पट्ट्यांचं छत असलेला मांडव, उभा करायचा असं ठरलं, आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय म्हणून निघाला नाही. जेवताना पर्गोला, दात घासताना पर्गोला. नवरा विमा कंपनीत होता, चार गोष्टींची तुलना करणं हा त्याचा धंदाच, आणि आता तर घरातच काम सापडलं. लाकडाचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा? भिंतीला टेकलेला की चार खांबांवर सुटा? वरच्या पट्ट्या पक्क्या बसवलेल्या की रिमोटने उघडझाप करणाऱ्या? त्याची बहीण मागच्याच गल्लीत राहायची. तिलाही या प्रकरणात भलतीच गोडी लागली, आणि बहीणभाऊ रोज संध्याकाळी मोबाइलवर डोकी जोडून बसायला लागले.

आणि हे सगळं कोणासाठी? तर म्हणे, हिच्यासाठी!

ही म्हणजे त्याची बायको. हॉस्पिटलात नर्स, आणि वर्षानुवर्षं रात्रपाळी. रात्रभर कोणाचं सलाइन बघ, कोणाची कूस बदलून दे, कोणाच्या नातेवाइकांची बोलणी खा, असं करून सकाळी घरी यायची तेव्हा नवरा घोरत असायचा. मग ती कपभर चहा करायची आणि मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायची. अर्धा तास. ना बेल, ना हाका. त्यानंतर पडदे ओढून झोपायचं, उठलं की स्वयंपाक, आणि पुन्हा ड्यूटी. सगळ्या दिवसात आपला म्हणावा असा तिला तेवढाच वेळ होता, आणि त्यात कोणी लुडबुड केली की तिचं डोकं फिरायचं.

अडचण एकच होती. सकाळचं ऊन कुंपणावरून थेट तोंडावर यायचं आणि जागरणाने चुरचुरणाऱ्या डोळ्यांत घुसायचं. म्हणून ती कपड्यांच्या दोरीवर एक जुनी चादर टाकायची आणि तिच्या आड बसायची. नवऱ्याला त्या चादरीची भारी लाज वाटायची. "अंगण आहे का धोबीघाट?" असं म्हणत म्हणतच तो पर्गोल्यापर्यंत पोहोचला होता.

"अहो, ऊन समोरून येतं," तिने जेवताना सांगितलं. "डोक्यावर पट्ट्या टाकून मला काय उपयोग?"

"अगं, सूर्य वर असतो," नवरा म्हणाला, शाळेतल्या पोराला समजवावं तसा.

तिने नणंदेला सांगून पाहिलं. नणंद म्हणाली, "वहिनी, तू काळजीच करू नकोस. एकदा उभा राहू दे, मग बघ." म्हणजे झालं! भिंतीशी बोललेलं काय वाईट होतं?

नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी दोघा बहीणभावांनी तिला ड्यूटीवरून परस्पर दुकानात नेलं. तिथे ओळीने पर्गोले मांडलेले, तेही दुकानाच्या छपराखाली. तिथे कुठलं ऊन आणि कुठली सावली! तरी तिने विक्रेत्याला विचारलंच, "बाजूने ऊन येत असेल तर काय करायचं?"

"मॅडम, याला आतून दिवेपण लागतात," विक्रेता उत्साहाने म्हणाला.

तिने हात टेकले. तिघं पट्ट्यांमधलं अंतर मोजायला लागले, तशी ती एका पर्गोल्याखालच्या गादीच्या खुर्चीत जरा टेकली. पाय ठणकत होते. डोळे मिटले ते मिटलेच.

जाग आली तेव्हा नवरा आणि नणंद समोर उभे, दोघांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं, आणि विक्रेता पावती फाडत होता.

"हाच घेतला," नवरा म्हणाला. "कसला आवडलाय तुला! बसल्या बसल्या झोपलीस."

"मी रात्रभर उभी होते," ती म्हणाली.

"तेच तर! एवढी दमलेली, आणि इथे कशी शांत झोप लागली बघ."

तिला रडावं की भांडावं तेच कळेना. दोन्हींसाठी लागतं तेवढं त्राण नव्हतं, म्हणून ती गाडीत जाऊन बसली.

पर्गोला बसवायला माणसं आली तीही नेमकी तिच्या झोपेच्या वेळेला. दिवसभर ड्रिल तिच्या उशाशी घरघरत होतं. आड येते म्हणून कपड्यांची दोरी त्यांनी काढून टाकली. संध्याकाळी ती लाल डोळ्यांनी ड्यूटीवर गेली, तेव्हा नवरा रिमोट घेऊन पट्ट्या उघडत होता आणि नणंद फोनवरून उद्या पर्गोला बघायला कोणाकोणाला बोलावत होती.

सकाळी ती चहा घेऊन त्या नव्या पर्गोल्याखाली बसली. ऊन आलं, खांबांच्या मधून, सरळ डोळ्यांत. तिने रिमोट दाबला. वरच्या पट्ट्या मिटल्या. ऊन जागच्या जागी. तिने खुर्ची इकडे ओढली, तिकडे ओढली, आणि मग तिचा संताप असा काही उसळला की ती ताडकन उठली. घरातून दोरी आणली, दोन कोऱ्या खांबांना करकचून बांधली आणि तिच्यावर ती जुनी चादर टाकली.

खडबड ऐकून नवरा बाहेर आला. "अगं, हे काय केलंस? दुपारी लोक येणार आहेत!"

"बसा इथे," ती म्हणाली.

"आधी ती चादर—"

"बसा म्हणते ना!"

वॉर्डातला तो आवाज त्याने घरात कधी ऐकला नव्हता. तो मुकाट्याने बसला. तिने चादर सर्रकन बाजूला ओढली. त्याने डोळे गच्च मिटले, मान फिरवली, हात कपाळावर धरला. मग वर पाहिलं, मिटलेल्या पट्ट्यांकडे.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"तीनदा सांगितलं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "एवढा अर्धाच तास असतो हो माझा."

उठून त्याने चादर परत ओढून घेतली, आतून चिमटे आणले आणि वाऱ्याने हलू नये म्हणून एकेक नीट लावला. तोवर ऊन वर चढलं होतं. पट्ट्यांची सावली आता नेमकी खुर्चीवर पडली होती. चहा गार झाला होता आणि तिची झोपायची वेळ झाली होती.

"उद्या सकाळी उठव मला," तो मागून म्हणाला. "मीही बसतो तुझ्याबरोबर. नीट बघू, काय करता येतं ते."

ती दारात थांबली.

"माझ्या अर्ध्या तासात तुम्हाला उठवत बसू का?" ती म्हणाली. "गजर लावा."