अर्धा तास, दोघांचाच

विभागप्रमुखाने मोबाइल बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला, टेबलापलीकडची खुर्ची उचलून आपल्या बाजूला ठेवली आणि मावशींना बसायला सांगितलं. महिन्यातून एकदा प्रत्येक कामगाराशी अर्धा तास एकट्याने बोलायचं, असा कारखान्यात वरून हुकूम होता. इतर विभागांत तो अर्धा तास पाच मिनिटांत उरकत. याने मात्र मनावर घेतलं होतं.

मावशी औषधाच्या बाटल्या तपासत. उजेडाच्या पेटीसमोर बाटली धरायची, आत कण किंवा काचेला तडा आहे का पाहायचं आणि पुढे सरकवायची. एकोणीस वर्षं हेच. विभागात त्याच सगळ्यांत जुन्या. पहिले चार महिने त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. नातीची शाळा, उशिरा येणारी बस, एवढ्यावर वेळ निघून जायचा. त्याने घाई केली नाही. घोडं कुठेतरी पेंड खातंय हे त्याला कळत होतं. अलीकडे त्या प्रत्येक बाटली दोनदा फिरवत होत्या.

आज त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"साहेब, उजव्या डोळ्यानं मला धूर दिसतो."

एकदा तोंड उघडल्यावर मग त्या थांबल्या नाहीत. मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली होती. लेक आजारी, जावयाचा पत्ता नाही, आणि नोकरी गेली तर या वयात दारात कोण उभं करणार?

"कागदावर नका घेऊ. एवढं एक करा."

"मावशी, ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

त्याच दुपारी त्याने त्यांना लेबलं लावायच्या टेबलावर बसवलं. तिथे माणूस कमी आहे, असं सगळ्यांना सांगितलं. त्यांनी तपासलेला माल दुसऱ्यांकडून पुन्हा तपासून घेतला. एकही खोट निघाली नाही. घरी गेल्यावर तो बायकोला म्हणाला, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

आठ दिवसांनी मोठ्या साहेबांनी त्यालाच बोलावलं. त्याच्याही अर्ध्या तासाची पाळी होती. साहेब वैतागले होते. सगळे विभागप्रमुख कोरे कागद पाठवतात, या भेटीगाठींतून निघतं तरी काय, असं त्यांनी विचारलं. त्याला राहवलं नाही. नाव न घेता त्याने सांगितलं, की एका कामगाराने आपल्यावर विश्वास टाकून डोळ्याचं दुखणं सांगितलं, आणि आपण ते निभावून नेलं. साहेब पुढे झुकून ऐकत होते. असं ऐकणारं त्यालाही फार दिवसांत कुणी भेटलं नव्हतं.

"नवीन कुणी आहे का?"

"छे, एकोणीस वर्षं झालीत," तो अभिमानाने म्हणाला.

एकोणीस वर्षं झालेलं माणूस त्याच्या विभागात एकच होतं. त्याने जीभ चावली, तेव्हा साहेब लिहीत होते.

सोमवारी मावशींना पत्र मिळालं. दृष्टिदोष लपवल्याबद्दल कामावरून कमी. तो धावत वर गेला. आपणच त्यांना तपासणीवरून हलवलं, माल पुन्हा तपासला, सगळं सांगून पाहिलं.

"लपवलं त्यांनी," साहेब शांतपणे म्हणाले. "तुम्ही नाही. तुम्ही तर सांगितलंत."

मग त्यांनी त्याला बसवून घेतलं. माणसांना बोलतं कसं करायचं, हे त्याने बाकीच्या प्रमुखांना शिकवावं, अशी त्यांची इच्छा होती. तो नाही म्हणाला नाही.

मावशी ओळखपत्र परत द्यायला आल्या, तेव्हा तो दारापर्यंत गेला.

"मी तुमचं नाव घेतलं नव्हतं, मावशी."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत फार मायेनं. चूक माझीच."

पायरी उतरताना त्या कठड्याला धरून चालल्या.

त्यानंतरचा अर्धा तास पॅकिंगवाल्याचा होता. विभागात त्याला सगळे रेडिओ म्हणत. पाळी सुरू झाली की त्याचं तोंड जे लागायचं, ते संपेपर्यंत मिटायचं नाही. तो आत आला, जवळ ओढलेल्या खुर्चीत टेकला आणि काही विचारायच्या आत म्हणाला, "माझं सगळं उत्तम आहे, साहेब."

मग त्याने हाताची घडी घातली आणि उरलेली एकोणतीस मिनिटं भिंतीकडे पाहत बसून राहिला.